समोरच्याच्या चष्म्यात कॅमेरा असेल तर?

रे-बॅन मेटा या नावाचे कॅमेरा बसवलेले चष्मे मे २०२५ मध्ये भारतात अधिकृतपणे विक्रीला आले. किंमत २९,९०० रुपयांपासून पुढे होती, म्हणजे बऱ्यापैकी मोबाइल फोनच्या आसपास. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत छुप्या चित्रीकरणाविषयीची विचारणा वाढत गेली आहे, म्हणून या वेळी सर्व जागा त्याच विषयाला दिली आहे. पत्रलेखकांची नावे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कायद्यासंबंधीची उत्तरे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत आणि प्रत्यक्ष प्रकरणात वकिलांचा सल्ला अवश्य घ्यावा.

प्रश्न : मी पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेते. एका पुस्तक प्रदर्शनात एका अनोळखी तरुणाने पत्ता विचारण्याच्या निमित्ताने माझ्याशी थोडा वेळ गप्पा मारल्या आणि शेवटी फोन नंबर मागितला. मी हसून नकार दिला आणि तो विषय विसरून गेले. काही दिवसांनी मैत्रिणीने मला समाजमाध्यमावरची एक चित्रफीत पाठवली. तिच्यात तोच प्रसंग, माझा चेहरा आणि माझा आवाज होता. त्याच्या हातात मोबाइल नव्हता, डोळ्यांवर जाड काड्यांचा काळा चष्मा मात्र होता. चित्रफितीखाली माझ्या दिसण्याबद्दल लोकांनी वाटेल ते लिहिले आहे. पोलिसांत गेलीस तर ‘सार्वजनिक जागा होती, त्यात गुन्हा कसला’ असेच विचारतील, असे घरचे म्हणतात. खरेच काही करता येत नाही का?

उत्तर : घरच्यांची भीती अगदीच अनाठायी नाही, म्हणून आधी कायद्याची बाजू जशी आहे तशी सांगतो. छुप्या चित्रीकरणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तरतुदींचा हमखास उल्लेख होतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ हे स्त्रीला खासगी कृतीत असताना चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे यासंबंधी आहे. पहिल्या दोषसिद्धीला एक ते तीन वर्षे आणि पुढच्या दोषसिद्धीला तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा त्यात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई हे कोणत्याही व्यक्तीच्या, मग ती स्त्री असो वा पुरुष, शरीराच्या खासगी भागाचे संमतीवाचून चित्रण करण्याविषयी आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. कपडे अंगावर नीट असताना, चारचौघांत, पुस्तकांच्या मांडणीपुढे झालेल्या संभाषणाचे चित्रण या दोन्हींत बसत नाही. पहिली तरतूद न्याय संहितेआधीच्या भारतीय दंड संहितेत २०१३ साली आली आणि दुसरी त्याआधी, २००८ च्या दुरुस्तीने. या दोन्ही तरतुदी लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कपडे बदलण्याच्या खोलीत लपवलेला कॅमेरा होता. समोर उभा राहून, डोळ्याला डोळा भिडवून बोलणाऱ्या माणसाच्या नाकावरचा कॅमेरा त्यांच्या कल्पनेत असणे शक्यच नव्हते. माझ्या मते आजच्या कायद्यातली खरी फट हीच आहे. चित्रीकरण कुठे झाले आणि शरीराचा कोणता भाग दिसला, एवढेच कायदा विचारतो. ज्याचे चित्रण झाले त्याला ते कळले होते का, हे तो विचारत नाही.

तरीही हात बांधलेले आहेत असे मुळीच नाही. न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये स्त्रीच्या विनयशीलतेचा अवमान करण्याच्या हेतूने केलेल्या शब्दांबरोबर आणि हावभावांबरोबरच ‘तिच्या खासगीपणावर केलेले आक्रमण’ही समाविष्ट आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या साध्या कारावासाची आहे. येथे सारा भर हेतूवर असल्यामुळे चित्रफितीचे शीर्षक, तिला जोडलेले शब्द, चित्र कोणत्या जागी संथ केले किंवा मोठे करून दाखवले, त्याच खात्यावर इतर मुलींच्या अशाच चित्रफिती आहेत का, या गोष्टींना फार महत्त्व येते. ‘मुलगी पटवण्याचा प्रयोग’ अशा थाटाचे शीर्षक असेल, तर ती केवळ रस्त्यावरची सहज टिपलेली दृश्ये होती असे म्हणणे त्या तरुणाला जड जाईल. तुम्ही नकार दिल्यानंतरही तो संदेश पाठवून वा अन्य मार्गाने पुन्हा पुन्हा संपर्काचा प्रयत्न करत असेल, तर पाठलागाविषयीचे कलम ७८ लागू होऊ शकते. मजकूर अश्लील असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ आणि बदनामीकारक असेल तर न्याय संहितेचे कलम ३५६ आहे.

दिवाणी मार्गही उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला, आणि जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने असे म्हटले की राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ (अभिव्यक्ती व इतर स्वातंत्र्ये) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) खालचे अधिकार केवळ शासनाविरुद्धच नव्हे, तर खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात. या भूमिकेवरून चित्रफीत हटवण्याचा मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागता येते. आपला चेहरा आणि आवाज परवानगीवाचून वापरला म्हणून अनिल कपूर यांनी दिल्ली उच्च न्यायालयातून २०२३ मध्ये आणि अरिजित सिंग यांनी मुंबई उच्च न्यायालयातून २०२४ मध्ये असे आदेश मिळवले. अर्थात त्या दोघांच्या चेहऱ्याला आणि आवाजाला बाजारात किंमत आहे, आणि वकिलांची फौज उभी करण्याची ऐपतही. पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थिनीला हा रस्ता लांबचा पडतो, हे मला मान्य आहे.

म्हणून व्यवहारात काय करावे ते सांगतो. चित्रफितीखाली वाद घालू नका आणि त्या तरुणाला संदेशही पाठवू नका, कारण त्याने चित्रफीत काढून टाकली तर पुरावाही तिच्याबरोबर जातो. आधी चित्रफितीचा आणि खात्याचा संपूर्ण दुवा, तारीख-वेळ दिसेल अशी पडद्याची छायाचित्रे, शीर्षक, प्रतिक्रिया आणि चित्रफितीची प्रत जपून ठेवा. न्यायालयात ही सामग्री भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह सादर करावी लागते, म्हणून ती ज्या फोनमध्ये उतरवली तो फोन बदलू नका. त्यानंतर त्या समाजमाध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमणे आणि त्याचा संपर्क जाहीर करणे कंपनीला बंधनकारक आहे. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. वकिलाची गरज नसलेला हा मार्ग फार थोड्यांना ठाऊक आहे. पोलिसांकडची तक्रार सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येईल. तक्रारीत ‘माझे चित्रीकरण केले’ एवढ्यावर न थांबता, शीर्षक काय होते, प्रतिक्रियांत काय लिहिले गेले आणि त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला हे क्रमवार लिहावे, कारण तुमच्या प्रकरणातला गुन्हा चित्र घेण्यापेक्षा त्याचा जो वापर झाला त्यात अधिक स्पष्टपणे दाखवता येतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून सांगलीला राहतो. अशा चष्म्यावर चित्रीकरण चालू असताना दिवा लागतो, त्यामुळे काळजीचे कारण नाही, असे माझा नातू म्हणतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे काय? असा चष्मा ओळखावा कसा?

उत्तर : नातवाचे म्हणणे नामांकित कंपन्यांच्या, कोणीही छेडछाड न केलेल्या चष्म्यापुरते बरोबर आहे. या चष्म्यांच्या फ्रेमच्या एका वरच्या कोपऱ्यात शर्टाच्या बटणापेक्षाही लहान असा कॅमेऱ्याचा गोल असतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात एलईडी दिवा. छायाचित्र घेताना तो दिवा क्षणभर लखलखतो आणि चित्रीकरण चालू असेपर्यंत उघडझाप करत राहतो. दिव्यावर काही चिकटवले, तर ते ओळखून चित्रीकरणाला नकार देण्याची व्यवस्थाही नव्या चष्म्यांत आहे. बॅटरी, ध्वनिक्षेपक आणि बाकीची यंत्रणा काड्यांमध्ये बसवलेली असल्यामुळे काड्या नेहमीपेक्षा जाड दिसतात. बोलताना समोरची व्यक्ती उजव्या काडीच्या वरच्या कडेला वारंवार बोट नेत असेल, तर लक्ष द्यावे, कारण चित्रीकरणाचे बटण तिथे असते. तोंडी आज्ञेनेही ते सुरू होते.

आता दुसरी बाजू. फेसबुक आणि रे-बॅन यांचा पहिला संयुक्त चष्मा सप्टेंबर २०२१ मध्ये आला, तेव्हाच आयर्लंड आणि इटली येथील माहिती संरक्षण प्राधिकरणांनी अशी शंका घेतली होती की, इतका छोटा दिवा लागल्याने समोरच्याला आपले चित्रण होत आहे हे खरोखर कळते का, याची कंपनीने पुरेशी चाचणी केल्याचे दिसत नाही. पुढच्या पिढीत दिवा मोठा झाला, पण मूळ शंका तशीच राहिली. भर उन्हात आणि गर्दीत तो नजरेत भरत नाही. आणि नजरेत भरला, तरी त्याचा अर्थ ज्याला आधीपासून ठाऊक आहे त्यालाच तो कळतो. बाजारात भाजी निवडणाऱ्या बाईने समोरच्या गिऱ्हाइकाच्या चष्म्यातल्या ठिपक्यावरून काय समजावे? शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी असे उघडकीस आणले की एक हौशी कारागीर सुमारे ६० डॉलर घेऊन या चष्म्यातला दिवा कायमचा बंद करून देतो आणि चित्रीकरण मात्र चालू राहते.

आणि हे सगळे नामांकित चष्म्यांचे झाले. मेमरी कार्ड घालून वापरायचे, नाकाच्या पुलावर टाचणीएवढे छिद्र असलेले आणि दिवा अजिबात नसलेले ‘स्पाय कॅमेरा’ चष्मे ऑनलाइन बाजारात कितीतरी वर्षांपासून मिळत आले आहेत. आसपासच्या स्मार्ट चष्म्याचे ब्लूटूथ संकेत पकडून सूचना देणारी अ‍ॅप आता निघाली आहेत, परंतु त्याच कंपनीचे दुसरे एखादे उपकरण जवळ असले तरी ती इशारा देतात आणि ब्लूटूथ नसलेल्या स्वस्त चष्म्यापुढे ती निरुपयोगी ठरतात. शंका आली तर सरळ विचारावे : ‘तुमच्या चष्म्यात कॅमेरा आहे का? असल्यास कृपया काढून ठेवा.’ असे विचारणे असभ्य नाही, आणि उत्तर देताना होणाऱ्या चलबिचलीवरून पुष्कळ कळते.

प्रश्न : मी स्वतः असा चष्मा नंबरच्या काचा बसवून वापरतो. दुचाकीवरून फिरताना आणि लेकीचे खेळ टिपताना तो फार उपयोगी पडतो. लोक मात्र संशयाने पाहतात. मी कोणते नियम पाळावेत? देवळात किंवा चित्रपटगृहात अडचण येईल काय?

उत्तर : येईल, आणि तुमचा चष्मा नंबरचा असल्यामुळे ती अधिकच येईल, कारण ‘काढून ठेवा’ म्हटल्यावर तुम्हाला दिसणार नाही. म्हणून पहिली सूचना अशी की, साधा नंबरचा दुसरा चष्मा नेहमी जवळ बाळगावा. अयोध्येच्या राममंदिरात जानेवारी २०२५ मध्ये वडोदऱ्याहून आलेल्या एका व्यक्तीला कॅमेरा असलेल्या चष्म्यातून छायाचित्रे घेतल्यावरून ताब्यात घेण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात आणि पुरीच्या जगन्नाथ मंदिरातही असेच प्रकार घडले. तिरुवनंतपुरममध्ये सुरक्षारक्षकाला चष्म्यातला दिवा लुकलुकताना दिसला, म्हणजे दिवा ओळखण्याची ज्याला सवय आहे त्याच्या बाबतीत तो उपयोगी पडतो, हे नोंदवले पाहिजे. पकडले गेलेले सगळेच काही कटकारस्थान करायला आलेले असतात असे नाही; पण मोबाइल बाहेर ठेवून घेणाऱ्या ठिकाणी कॅमेरा डोळ्यांवर घालून आत जाणाऱ्याला आपला निष्पापपणा चौकीत बसून सिद्ध करावा लागतो.

चित्रपटगृहात तर जपूनच. २०२३ साली दुरुस्त झालेल्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार चित्रपटाचे अनधिकृत ध्वनिचित्रमुद्रण हा तीन महिने ते तीन वर्षे कारावासाचा गुन्हा असून दंड किमान तीन लाख रुपयांचा आहे. चष्मा नुसता डोळ्यांवर असणे हा गुन्हा नव्हे, परंतु काळोखात बटणाला चुकून बोट लागले तर समजावत बसावे लागेल. परीक्षागृह, न्यायालय, बँकेची खिडकी, लष्करी हद्द, विमानतळावरील तपासणीची जागा, डॉक्टरांचा तपासणी कक्ष, तरणतलाव, व्यायामशाळा आणि शौचालय या ठिकाणी तो डब्यात असावा. जपानमधील वासेदा विद्यापीठाच्या २०२४ च्या प्रवेश परीक्षेत एका परीक्षार्थीने अशाच चष्म्याने प्रश्नपत्रिका टिपून समाजमाध्यमावर उत्तरे मागितल्याचे उघड झाले होते, तेव्हापासून परीक्षा घेणारे सावध झाले आहेत.

लेकीच्या खेळांविषयी एक सूचना. तुमच्या लेकीबरोबर त्या चौकटीत इतरांची मुलेही येतात, आणि त्यांच्या पालकांनी तुम्हाला परवानगी दिलेली नसते. क्रीडासंकुलात आधी सांगून ठेवावे आणि चित्रफीत कुटुंबाबाहेर जाऊ देऊ नये. आणखी एक गोष्ट बहुतेक वापरणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चष्म्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला ‘हे समोर काय आहे?’ असे विचारले की ते छायाचित्र कंपनीकडे जाते, आणि असे छायाचित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरले जाऊ शकते हे मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, २०२४ मध्ये मान्य केले आहे. एप्रिल २०२५ च्या धोरणबदलानंतर सहायकाला दिलेल्या तोंडी आज्ञांचे ध्वनिमुद्रणही कंपनी एक वर्षापर्यंत ठेवू शकते. ते नको असेल तर वापरणाऱ्याने स्वतः एकेक करून पुसायचे. तेव्हा चष्मा तुमचा असला, तरी त्यातून पाहणारे तुम्ही एकटेच आहात, असे धरून चालू नका.

प्रश्न : असा चष्मा घातलेल्या परक्या माणसाला माझ्याकडे नुसते पाहून माझे नाव-गाव कळू शकते, असे ऐकले. ही अतिशयोक्ती आहे ना?

उत्तर : दुर्दैवाने नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी हे करून दाखवले. त्यांनी चष्म्यातले थेट प्रक्षेपण संगणकाकडे वळवले, त्यातला चेहरा पिमआयज या चेहरा शोधणाऱ्या संकेतस्थळाला दिला, तिथे सापडलेल्या पानांतला मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषा प्रारूपाकडून तपासून नाव काढले आणि मग अमेरिकेतल्या सार्वजनिक नोंदींच्या संकेतस्थळांवरून पत्ता आणि फोन नंबर मिळवला. हे सगळे मिनिट-दोन मिनिटांत फोनवर उमटत होते. त्यांनी आपली प्रणाली प्रसिद्ध केली नाही, परंतु तिच्यातला एकही भाग त्यांनी नव्याने शोधलेला नव्हता. प्रत्येक सुटा भाग आधीच बाजारात होता आणि आजही आहे. फेसबुकने नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहरा ओळखण्याची आपली व्यवस्था बंद करून शंभर कोटींहून अधिक लोकांचे चेहऱ्यांचे साचे पुसून टाकण्याची घोषणा केली होती, तरी बाहेरची अशी संकेतस्थळे बंद पडलेली नाहीत.

भारतात घराचा पत्ता शोधून देणारी तशी संकेतस्थळे अमेरिकेइतकी सरसकट नाहीत, एवढाच काय तो दिलासा. त्याऐवजी आपणच नाव, नोकरी आणि छायाचित्र एकत्र असलेली पाने जागोजाग सोडून ठेवतो : नोकरीच्या संकेतस्थळावरचा परिचय, महाविद्यालयाच्या पानावरची गुणवंतांची यादी, वधू-वर सूचक मंडळाचे पान. ज्या पानांवर चेहरा आवश्यक नाही तिथून तो काढावा आणि समाजमाध्यमावरचे खाते ओळखीच्यांपुरते ठेवावे. पिमआयजकडे आपला चेहरा शोधातून वगळण्याची विनंती करता येते. त्यासाठी आधी त्यांनाच आपले छायाचित्र पाठवावे लागते, हा विनोद त्यांचा, माझा नव्हे.

प्रश्न : वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा आला आहे, त्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे, असे वाचले. मग चित्रीकरण करणाऱ्याला तो लावता येणार नाही का?

उत्तर : बहुधा नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले; त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने, अठरा महिन्यांनंतर लागू व्हायच्या आहेत. परंतु एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर कलम ३ नेच या कायद्यातून वगळला आहे. चष्मेवाला ‘मी आपला स्वतःच्या आठवणीसाठी टिपले’ म्हणून मोकळा होईल. तीच चित्रफीत त्याने पैसे मिळवण्यासाठी प्रसिद्ध केली, तर ती घरगुती राहते का, हा प्रश्न न्यायालयापुढे नेण्याजोगा आहे. कंपन्यांच्या बाबतीत हा कायदा उपयोगी पडेल. रस्त्यावरच्या माणसाच्या बाबतीत त्यावर फार भिस्त ठेवू नये.

प्रश्न : आमची ठाण्यात महिलांची व्यायामशाळा आहे. कॅमेऱ्याच्या चष्म्यांना सरसकट बंदी घालता येईल का? कोणी ऐकले नाही तर चष्मा जप्त करावा का?

उत्तर : खासगी जागेत प्रवेशाच्या अटी घालण्याचा अधिकार तुम्हाला आहे, त्या सदस्यत्वाच्या अर्जात आणि दारावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहाव्यात. जप्ती मात्र करू नये, तो अधिकार पोलिसांचा आहे. तुम्ही प्रवेश नाकारू शकता किंवा सदस्यत्व रद्द करू शकता. नियम लिहिताना ‘कॅमेरा असलेली कोणतीही वस्तू’ असे शब्द वापरावेत, कारण फक्त चष्म्याचे नाव घेतले तर उद्या पेन किंवा घड्याळ घेऊन कोणीतरी येईल. कपडे बदलण्याच्या खोलीत तो नियम मोबाइललाही लागू करावा, कारण मोबाइल हातात घेऊन आरशासमोर उभ्या असणाऱ्यांना सूट आणि चष्म्याला बंदी, हे विसंगत आहे.

एक अपवाद मात्र विचारपूर्वक ठेवावा. अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींना या चष्म्यांचा मोठा आधार झाला आहे; समोरची पाटी वाचून दाखवणे, बी माय आईज या सेवेतून एखाद्या डोळस स्वयंसेवकाची मदत घेणे, हे त्यातून हात मोकळे ठेवून जमते. अशा सदस्य महिलेला दारात अडवण्याऐवजी, कपडे बदलण्याच्या खोलीत तिच्यासोबत मदतनीस द्यावी आणि तेवढ्यापुरता चष्मा बंद ठेवण्याचे ठरवावे.

प्रश्न : कपडे बदलण्याच्या खोलीत किंवा शौचालयात कोणी असे चित्रीकरण करताना प्रत्यक्ष सापडले, तर त्या क्षणी काय करावे? आमच्या शाळेच्या पालक सभेत हा प्रश्न निघाला आणि प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले.

उत्तर : पहिली ऊर्मी चष्मा हिसकावून फोडण्याची असते आणि ती आवरली पाहिजे. चित्रफीत चष्म्यातच असण्याची शक्यता असते, आणि चष्मा मोडला की पुरावा मोडतो, शिवाय उलट तक्रारीला निमित्त मिळते. त्या व्यक्तीला ‘आत्ताच्या आत्ता पुसून टाक’ असे म्हणणे तर पुष्कळजण करतात, आणि तेही चुकीचे आहे : पुसलेले खरोखर पुसले का, तोपर्यंत ते फोनवर उतरले होते का, हे तिथे उभे राहून कळत नाही आणि पोलिसांच्या हाती काही उरत नाही. आरडाओरडा करून लोकांना गोळा करावे, सुरक्षारक्षकाला बोलवावे, ११२ क्रमांकावर फोन करावा, आणि पोलीस येईपर्यंत त्या व्यक्तीला चष्मा किंवा फोन हाताळू देऊ नये, असा उपस्थितांनी आग्रह धरावा. तिथल्या सीसीटीव्हीचे चित्रण राखून ठेवण्याची लेखी विनंती त्याच दिवशी द्यावी, कारण अनेक ठिकाणी जुने चित्रण आपोआप पुसले जाते.

येथे कलम ७७ निःसंशय लागू होते आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी जवळच्या पोलीस ठाण्याने माहिती नोंदवून घेतलीच पाहिजे, तेव्हा ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नये. कलम ७७ चे संरक्षण स्त्रियांपुरते आहे. चित्रण पुरुषाचे झाले असेल, तर कलम ६६-ई खाली तक्रार करावी. चित्रफीत पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागितले गेले, तर पैसे देऊ नयेत. ती खंडणी होते आणि तिच्यासाठी न्याय संहितेचे कलम ३०८ आहे.

चित्रफीत बाहेर पडल्याची भीती असेल, तर समाजमाध्यमांकडे तातडीने तक्रार करावी. नग्नता किंवा खासगी भाग दाखवणारे चित्रण हटवण्यासाठी २०२१ च्या नियमांनी सुरुवातीपासूनच २४ तासांची कमाल मुदत घातली होती, आणि ही तक्रार पीडित व्यक्तीच्या वतीने दुसऱ्यालाही करता येते. स्टॉप-एनसीआयआय या संकेतस्थळावर प्रौढ व्यक्तीला आपल्या चित्राचा अंकीय ठसा, म्हणजे चित्रावरून बनणारा आकड्या-अक्षरांचा संकेत, तयार करून देता येतो. चित्र स्वतःच्या उपकरणातच राहते, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्या ठशाशी जुळणारे चित्र त्यांच्या माध्यमांवर अडवले जाते. अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी ‘टेक इट डाउन’ ही तशीच वेगळी सेवा आहे.

पीडित बालक असेल तर पॉक्सो कायदा लागू होतो, आणि तुमच्या पालक सभेने एक गोष्ट आजच सर्वांना कळवावी. ‘सावध राहा’ असे लिहून ती चित्रफीत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणे हाही गुन्हा ठरू शकतो, आणि बालकांचे असे चित्रण कळवल्याशिवाय किंवा नष्ट केल्याशिवाय जवळ ठेवणेही अडचणीत आणू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात स्पष्ट केले आहे. ज्याच्या फोनवर ती आली असेल त्याने ती कोणालाही पुढे न पाठवता थेट पोलिसांना कळवावे आणि तिचे पुढे काय करायचे ते त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे.